दारावरची भेट
फिनेलचा वास आला की वेल्ह्याचं आमचं घर डोळ्यांपुढे येतं. मुंबईला नव्या अणुभट्टीत कामाला असताना तिथल्या किरणांनी यजमानांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. साधं पडसंही जिवावर बेतेल, असं बजावून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं. मी फिनेलने उंबरा पुसत होते, तोवर रीतीप्रमाणे अर्धी आळी समाचाराला आली, आणि सगळ्यांत पुढे खोकणारे चुलतसासरे. मी दार ओढून आतून कडी घातली. “दुखण्यात न्हाई भेटायचं, तर काय तिरडीवर भेटायचं, सूनबाई?” ते म्हणाले. मी कडी काढली नाही. ते ओट्यावर बसून दाराच्या फटीतूनच पुतण्याशी बोलत राहिले आणि दर खोकल्यासरशी मी फटीवर पदर दाबत होते. पदराने काय अडणार, हे आज कळतं. तेव्हा हाताशी तेवढंच होतं.