मास्तरांनी अडवलेला फ्रीज

नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम अकरा हजार, पाकिटात. हजर, आमच्या घरी: मी, मास्तर आणि खाटेवर पडलेली बायको. बायकोचं ऑपरेशन नीट पार पडलं तर एवढी रक्कम चर्चला देईन, असा मी नवस केला होता. मास्तरांनी पाकीट हातावर तोललं आणि परत दिलं. "यानं फिटत नाय."

मास्तर निवृत्त शिक्षक. दर रविवारी उपासनेनंतर आम्हा सात-आठ जणांना बायबलमधली जुनी इब्री, म्हणजे हिब्रू, स्तोत्रं शिकवायचे. भिंग लावून उजवीकडून डावीकडे मूळ ओळ वाचायची, मग अर्थ. आशीर्वाद हा त्यांचा खास विषय. माझी पगारवाढ झाली तेव्हा मी म्हणालो, "देवाचा आशीर्वाद." त्यांनी विचारलं, "किती घरांत पोचला?" ते म्हणत, त्या कवींनी धान्य, तेल, लेकरं सगळं न लाजता मागितलं, पण पाऊस फक्त आपल्याच वावरावर मागितला नाही.

"मग पाकिटात कमी काय आहे?" मी विचारलं.

"माणसं. ते लोक नवस चारचौघांत, गाऊन फेडायचे. आभाराच्या बळीचं मटण त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाय. अख्खा बोकड एकट्याला संपतो व्हय? बोलवावंच लागायचं. भरभराट म्हणतात ती ही."

पुढच्या रविवारी मी चाळीस जणांना घरी जेवायला बोलावलं, आठ किलो मटण आणलं. आले एकोणीस. जेवणं आटोपल्यावर उरलेलं मी डब्यांत भरू लागलो, तर मास्तरांनी खुर्ची ओढली आणि फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसले.

"तीनच वाजलेत. जा, बोलवा."

"आता कुणाला?"

"ज्यांना मोजलं नाय त्यांना."

वॉचमन आला, इस्त्रीवाल्या मावशी नातवंडांसह आल्या. समोरच्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून चार वर्षं अबोला होता. त्यानं दार उघडून मला पाहिलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. ही वाचली. जेवायला या."

तीन आठवडे खोलीत पडून असलेली बायको तेव्हा पहिल्यांदा बाहेर आली. शेजाऱ्याला रस्सा तिनंच वाढला. त्यानं तीनदा घेतला. मग मास्तरांनी मला सगळ्यांसमोर स्तोत्र गायला लावलं. बेसूर गायलो. कुणी उठून गेलं नाही.

मास्तर गेल्या वर्षी गेले. त्या दिवशीचा हिशोब माझ्याकडे आहे. मटणवाल्याला सहा हजार चारशे, आचाऱ्याला अडीच हजार, किराण्याला अठराशे. उरलेले तीनशे मास्तरांना गुलमंडीपर्यंत सोडणाऱ्या रिक्षावाल्याला दिले. भाडं नव्वदच होत होतं. तो सुटे शोधू लागला, तर मास्तर आतून ओरडले, "ठेव रे, आजच संपवायचेत!"