गाय कुणाची

शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी म्युनिकच्या स्टेशनकडे पळत सुटायची. खांद्याला लॅपटॉप, एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात डाळ-तांदळाची पिशवी. दोन गाड्या बदलून शेवटच्या लहानशा स्टेशनवर उतरलं की बाहेर तो त्याच्या चिखलाने माखलेल्या गाडीत वाट बघत असायचा, बहुतेक वेळा झोपलेला. पहाटे उठून गाईंचं दूध काढणारा माणूस तो, आणि मी आठवडाभर मोटारींच्या ब्रेकची गणितं सोडवून पिळून निघालेली. आमच्या प्रेमाचा बराचसा काळ एकमेकांशेजारी गप्प बसण्यात गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या संसारात बोलणं भरपूर झालं होतं, शेवटी तर वकिलांच्या मार्फत.

त्याचा गोठा अगदी सरहद्दीला लागून होता. मागच्या कुरणाच्या कुंपणापलीकडे ऑस्ट्रिया. घटस्फोटानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मुलीला घेऊन त्याच्याकडे सुट्टीला गेले होते. शहरातल्या लोकांना गाई-गुरं दाखवायला शेतकरी वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने देतात, तसं. त्याची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, जिला माझी मुलगी पहिल्याच दिवशी ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणायला लागली आणि मग मीही. आम्ही तिथे असतानाच एक कालवड जन्मली. माझ्या मुलीने तिला बाटलीने दूध पाजलं, नाव ठेवलं, आणि निघताना इतकी रडली की तो म्हणाला, ही तुझीच, फक्त राहील माझ्याकडे. मुलांना असं काहीतरी म्हणायचं असतं म्हणून म्हणाला असेल, असं मला तेव्हा वाटलं. पण ती कालवड बघायला आम्ही दिवाळीत गेलो, ईस्टरला गेलो, आणि मग कालवडीचं निमित्तही लागेनासं झालं.

लग्न करायचं ठरलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आईला जाऊन बराच काळ झालेला, त्यामुळे सांगायचं ते आबांना. टपाल खात्यातून निवृत्त झालेले माझे वडील फोनवर फक्त एवढंच म्हणाले, “मी येऊन बघतो.” पहिल्या वेळी त्यांनी मुलाची डिग्री बघितली होती आणि फसले होते. या वेळी त्यांना घर बघायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी लग्न केलं नसतं. या वयात वडिलांची परवानगी कसली, असं ऑफिसमधली मैत्रीण म्हणायची. तिला आबा माहीत नव्हते.

आबा आले, त्याच्याच घरी राहिले, आणि पंधरवडा झाला तरी लग्नाबद्दल काहीच बोलले नाहीत. सकाळी कोट घालून, खिशात पासपोर्ट ठेवून कुरणात फिरायला जायचे. पासपोर्ट कशाला, तर चुकून ऑस्ट्रियात पाय पडला तर असू द्यावा. त्या वर्षी सरहद्दीवर पुन्हा पोलीस उभे राहायला लागले होते, त्यामुळे मलाही त्यांना हसता येईना. परत आले की स्वयंपाकघरात स्वतःचा चहा स्वतः करायचे. तिथली कॉफी म्हणजे काढा, असं त्यांचं मत होतं. ओमाला ते ‘त्या बाई’ म्हणायचे. ओमा त्यांना काहीच म्हणायची नाही, नुसती पावाची टोपली पुढे सरकवायची. नात त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं आमच्यापेक्षा बरं चाललं होतं.

आबांनी मला लहानपणी गोष्टी अशा सांगितल्याच नाहीत. एकच सांगितली, पुन्हा पुन्हा. गावात कुणाचंही ढोर मेलं की निरोप आमच्या वस्तीवर यायचा, आणि आमच्या माणसांनी जाऊन ते ओढून न्यायचं. ज्याची गाय तो मालक ओट्यावर उभा राहून बघायचा, हात लावायचा नाही. एक दिवस माझ्या आजोबांनी आणि सगळ्या वस्तीने ठरवलं की बास, यापुढे ओढणार नाही. मग गावाने कामं बंद केली, दुकान बंद केलं, पाणी बंद केलं. आबा तेव्हा पोरसवदा होते, भुकेने पोट आवळून झोपायचे. पण वस्तीने दोराला हात लावला नाही. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, मी जर्मनीत इंजिनीअर झाले, त्या सगळ्याच्या मुळाशी तो न ओढलेला दोर होता. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला हे कुठून सुरुवात करून सांगायचं, हेच मला कळत नसे. सांगू सांगू म्हणून राहून गेलं.

त्या रविवारी सकाळी मी आणि आबा स्वयंपाकघरात होतो. माझ्या मुलीची ती कालवड आता गाय झाली होती, पहिलटकरीण. वासरू आडवं आलं. आदल्या दिवशी डॉक्टर येऊन गेला, वासरू वाचलं. मुलगी रात्री समाधानाने झोपली होती. तो गोठ्यातून येऊन खिडकीबाहेर उभा राहिला, दाढी वाढलेली, डोळे लाल. काचेवर टकटक करून म्हणाला, “गेली ती. चल, बाहेर ये. ओढायला माणूस हवा.”

“काय म्हणतो?” आबांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. “गाय मेली, आबा. ओढायला बोलावतोय.”

“कुणाला?”

“मला.”

आबांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. एवढा समुद्र ओलांडून, एवढी पुस्तकं वाचून पोरगी शेवटी तिथेच येऊन उभी राहिली, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते कोट घालून बाहेर निघाले आणि मी त्यांच्या मागे.

मेलेली जनावरं न्यायला तिकडे सरकारमान्य गाडी येते, पण ती गोठ्यात शिरत नाही. जनावर रस्त्याच्या कडेला आणून ठेवायचं, वर ताडपत्री घालायची. गोठ्याच्या दारात ट्रॅक्टर उभा होता. त्याला बांधलेली साखळी आत गाईच्या पायांना अडकवलेली. आणि गाईच्या डोक्याशी, ओल्या जमिनीवर गुडघे टेकून ओमा बसली होती. ओढताना डोकं दगडी उंबऱ्यावर आपटू नये म्हणून तिने ते पोत्यावर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी धरलं होतं. ऐंशीच्या घरातली बाई. एकटीला ते पेलत नव्हतं.

“दुसरी बाजू धर,” तो मला म्हणाला.

मी दारातच थांबले. तो बघत राहिला. त्याला वाटलं मला किळस येते आहे, किंवा शेवटी मी शहरातलीच निघाले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आत्ता इथून मी आणि आबा निघालो तर पुन्हा परत यायचं नाही, हे मला लख्ख कळत होतं.

“त्याला विचार,” आबा म्हणाले, “इथं हे काम कुणाचं असतं.”

मी विचारलं. त्याला प्रश्नच समजला नाही. “कुणाचं म्हणजे? ज्याची गाय, त्याचं.”

मी ते मराठीत सांगितलं. आबा ओमाच्या हातांकडे बघत होते. मालकीणबाई चिखलात गुडघ्यांवर बसलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

“मग विचार, गाय कुणाची?”

मी तेही विचारलं. त्याने टोपी काढली, आणि आमच्या मागे बघितलं. दारात माझी मुलगी उभी होती, रात्रीच्या कपड्यांवर रबरी बूट चढवलेली, रडून रडून लाल झालेली. तिला सगळं कळलं होतं. मराठी तिला सगळी कळायची.

“आजोबा,” ती म्हणाली, मराठीत, “माझी गाय आहे.”

आबा वळले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “जा, ओढ. आपली आहे.”

मी ओमाच्या समोर बसले. डोकं अजून पुरतं गार झालेलं नव्हतं. ट्रॅक्टर हळूहळू पुढे सरकला, आम्ही दोघी गुडघ्यांवर त्याच्यामागे. आबांनी हात लावला नाही, आणि लावावा असं मलाही वाटलं नाही. ते नातीला जवळ घेऊन कडेने चालत आले, ताडपत्री घालेपर्यंत उभे राहिले.

दुपारी स्टेशनवर जाताना मी त्याला ती गोष्ट सांगितली, आजोबांची. त्याने गाडी बाजूला घेतली आणि सगळी ऐकली. पण ते नंतर. त्याआधी आम्ही हात धुऊन स्वयंपाकघरात आलो तेव्हा शेगडीवर मोठं पातेलं होतं. आबांनी सगळ्यांसाठी चहा ठेवला होता, आलं ठेचून. ओमा खुर्चीत बसली होती. मी सवयीने पहिला कप आबांपुढे धरला.

“मला नको,” ते म्हणाले. “आधी विहीणबाईंना दे.”

मी कप तिच्यापुढे ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. मुलीने ओमाला जर्मनमध्ये काहीतरी समजावून सांगितलं. जन्मभर कॉफीशिवाय कशाला तोंड न लावलेल्या त्या बाईने तो गोड चहा सगळा संपवला, आणि पावाची टोपली आबांच्या पुढे सरकवली.