भुंगेमामा आणि ताईचे अक्रोड

कुणाच्याही लग्नाला गेला तरी भुंगेमामा नवरा-नवरीकडे मागाहून बघायचा, आधी खुर्च्या ठोठावायचा. दाराच्या चौकटीवर बोट फिरवायचा, टेबलाच्या पायाशी उकिडवा बसायचा, आणि तिथे चिमूटभर भुसा सांडलेला दिसला की गडी असा खुलायचा, की परक्याला वाटावं लग्न याचंच आहे. नोकरी वनखात्याच्या संशोधन केंद्रात, आणि काम एकच: लाकूड पोखरणारे भुंगे आणि त्यांच्याबरोबर फिरणारी बुरशी. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, पोरांनी त्याला भुंगेमामा केलं, मग शेजाऱ्यांनी तेच उचललं, आणि एकदा तर भर बैठकीत मोठ्या साहेबांच्या तोंडून 'हां, बोला भुंगेमामा' असं निघून गेलं. मामाला त्याचं काही वाटलं नाही. साहेबच बिचारे लाल झाले.

केंद्रातली त्याची खोली म्हणजे ओल्या लाकडाचा आणि स्पिरिटचा वास. बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत ओंडके ठेवलेले, काचेच्या बशांत बुरशी वाढत घातलेली. घरी याच्या उलट. बायकोने हौसेने लाकडी कपाट आणलं, तर या पठ्ठ्याने ते किती तरी दिवस गॅलरीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. "आजारी आहे का ते?" बायको म्हणाली. "नसेलही," हा म्हणाला, "पण खात्री नको?"

आणि गोष्ट सांगायची तर एकच. "तीळ बघितलाय ना? तेवढाच भुंगा. मादी निघते तीच तोंडाजवळच्या पिशवीत बुरशीचं बियाणं घेऊन. झाडात बोगदा पाडते, भिंतींवर बुरशी पेरते, आणि पोरं ती बुरशी खाऊन मोठी होतात. लाकडाचा कण पोटात जात नाही हो! भुसा सगळा बाहेर ढकलून देते. शेतकरीण आहे ती, शेतकरीण!"

"आणि नवरे काय करतात?" ताईचे यजमान, म्हणजे मामाचे भाऊजी, दर वेळी न चुकता विचारायचे.

"नरांना उडता येत नाही. जन्मभर घरातच."

"ऐकलंस?" भाऊजी ताईकडे वळायचे. "मी आळशी नाही. याला शास्त्राचा आधार आहे."

भाऊजींचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे बाग सगळी ताईची. घरामागे अक्रोडांची रांग होती. तिने स्वतः बी रुजवून, कलमं बांधून, एकेक झाड पोरासारखं वाढवलेलं. तशी पोरं वाढवायची तिला सवयच होती. आई लवकर गेली तेव्हा या धाकट्या भावाला तिनेच न्हाऊ-माखू घातलं, शिकायला लावलं, परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं. त्यामुळे त्याच्या शिक्षणावर तिचा असा विश्वास, की झाडाबद्दल तो जे बोलेल ते तिच्यासाठी शेवटचं.

आणि घोटाळा तिथेच झाला.

उन्हाळ्यातली दुपार होती. मामा खोलीत एका ओंडक्यावर पटाशी चालवत होता. बोगद्याच्या टोकाशी अंडी सापडायची वेळ, अगदी श्वास रोखून बसायची वेळ, आणि फोन वाजला. त्याने तो कानाखांद्यात दाबला.

"अरे, झाडांची पानं मलूल दिसतायत रे. काय करू?"

"उन्हाने असेल, ताई. पाणी दे."

"देतेय की. अजून देऊ?"

"दे, सढळ हाताने दे," मामा म्हणाला. नजर भिंगात, पटाशी हातात. अंडी सापडली. फोन कधी बंद झाला त्याला कळलंही नाही.

ताईने पाणी दिलं. सढळ हाताने म्हटलं होतं, म्हणून सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं, मनात शंका आली की मधे पुन्हा दिलं. भाऊजी खिडकीतून ओरडायचे, "अगं, अक्रोड लावलेत की कमळं?" ती म्हणायची, "तुम्हाला जास्त कळतं की त्याला?" पावसाळा सरल्यावरही तिची नळी चालूच राहिली.

पुढे थंडी सरून नवी पालवी फुटली, तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. आवाजात काळजी नव्हतीच, उलट कौतुक होतं. "तुला गंमत सांगते. खोडाला पांढऱ्या काड्या आल्यात. दात कोरायच्या असतात ना, तश्शा. हात लावला की भुगा होतो."

मामा उठून उभा राहिला. "किती झाडांना?"

"सगळ्यांना दिसतायत की. का रे?"

तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. हातपाय धुतले नाहीत, पाण्याचा पेला घेतला नाही, सरळ घरामागे गेला. पहिल्याच झाडाशी त्याचा बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतला.

बूट ओढून काढायचंही त्याला सुचेना. तसाच उभा राहिला. पुढचं सगळं त्याला कळून चुकलं होतं. मुळं पाण्यात बुडाली की झाड गुदमरतं, आतल्या आत आंबू लागतं, आणि त्याच्या सालीतून स्पिरिटसारखा वास सुटतो. माणसाच्या नाकाला तो येत नाही. पण या भुंग्याला लांब रानातून येतो, आणि अशा दुबळ्या झाडावरच तो धाव घेतो. मामा स्वतः स्पिरिटच्या बाटल्या टांगून भुंगे पकडायचा. इथे ताईने त्याच्या शब्दावर झाडांच्याच बाटल्या करून ठेवल्या होत्या.

त्याने साल तासली. टाचणी शिरेल एवढी भोकं, आत काळपट बोगदे, आणि बोगद्यांभोवती लाकूड डागाळलेलं. बुरशी चांगली पसरली होती.

"बरं, औषध कुठलं?" ताई पदर खोचून तयारच होती. "मी आजच मारते."

"औषध नाही, ताई."

"नाही कसं? एवढी वर्षं काय करतोयस तू तिथे?"

भाऊजी काठी टेकत दारापर्यंत आले होते. "अगं, त्याला जरा बसू तर दे."

"किडा आत आहे," मामा म्हणाला. "वरून मारलेलं आत जात नाही. आणि लाकूड तो खातच नाही, मग विष त्याच्या पोटात जाणार कसं? झाड मरतंय ते बुरशीने. पाणी वर चढायच्या वाटा तिने बंद केल्यात. कापायला लागतील. कापून लगेच जाळायची, नाहीतर भुंगे यातून निघून शेजारच्या बागांत जातील."

"हिरवी आहेत ती अजून."

"हो."

"हिरवी झाडं कापू?"

मामाने मान खाली घातली, आणि मग ते सांगितलं. फोनवर झाडं न बघता बोलल्याचं, पाण्याचं, वासाचं, सगळं. नेहमी हीच गोष्ट सांगताना त्याचे हात नाचायचे. आज ते लोंबकळत होते.

ताईने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "म्हणजे मीच बोलावलं त्यांना."

"तू नाही. मी."

"नळी कुणाच्या हातात होती?" ती म्हणाली. तिने त्याला एक शिवी दिली असती, पाठीत धपाटा घातला असता, तर गडी सुटला असता. तिने तसलं काही केलं नाही. आत जाऊन त्याच्यासाठी कोरडे मोजे आणून दिले.

कापणारे आले. करवतीचं यंत्र दिवसभर घुं घुं करत राहिलं. भाऊजींनी खिडकी लावून घेतली आणि त्यानंतर एकही चेष्टा केली नाही. शेवटच्या झाडाशी मात्र ताई पाठ टेकून उभी राहिली. हे तिचं सगळ्यात पहिलं कलम.

"हे नाही," ती म्हणाली. "याला थोडीच भोकं आहेत. हे जगेल ना रे?"

जगणार नाही, हे मामाला दिसत होतं. शेंड्याकडची एक फांदी वाळायला लागली होती. तिच्याशी आजवर तो खोटं बोलला नव्हता, आणि खरं बोलायला तोंड उघडेना. "बघू," तो कसाबसा म्हणाला. कापणाऱ्यांनी यंत्र बंद केलं.

संध्याकाळी ती आगकाड्यांची पेटी आणि मेणबत्तीचा तुकडा घेऊन आली. भोकात काडी घालायची, वरून मेण चोपडायचं, म्हणजे किडा आत कोंडून मरेल, हे तिनेच ठरवलं होतं. इतका साधा उपाय असता तर केंद्र कधीच बंद झालं असतं. पण मामा खोडाशी मांडी घालून बसला, तिच्या हातून एकेक काडी घेऊन भोकात बसवू लागला.

"ही नीट बसली का?"

"बसली."

"दाब अजून."

त्याने दाबली. बुंधा संपवून दोघं वर सरकली, तेव्हा त्याचं लक्ष सहज खाली गेलं. मेण लावलेल्या काडीच्या बोटभर बाजूला, कोऱ्या सालीतून, ताज्या भुशाची पांढरी काडी हळूच बाहेर येत होती. ताईला चष्म्याशिवाय ती दिसली नव्हती. मामाने ती अंगठ्याने पुसून टाकली आणि पुढच्या काडीसाठी हात पुढे केला.