मिस्त्रींचा उलटा मुखवटा

मिस्त्रींच्या तोंडाबद्दल आजवर कोणाची तक्रार नव्हती. बायकोची होती, पण ती तोंडातून निघणाऱ्या शब्दांबद्दल. बाकी चौतीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाचं तोंड जसं असायचं तसंच ते होतं. डाव्या गालावर ठिणगीने पाडलेला मसुराएवढा खड्डा, गालफडांवर काळपट डाग, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा कायमचा वळ. आरशात ते दाढीपुरते बघत. दाढी झाली की आरशाचा आणि त्यांचा संबंध संपला.

मग लांबच्या गावी दिलेली लेक तीन आठवड्यांसाठी माहेरी आली. सोबत चौदा महिन्यांची नात होती, जिला फोनवर बघून बघूनच मिस्त्री अर्धे वेडे झाले होते. नाव काहीही असो, घरात तिला गुंडी म्हणत, कारण ती तशीच होती, वाटोळी आणि घट्ट. मिस्त्री दारात वाकले, गुंडीला डोळे भरून बघायला म्हणून तोंड जवळ नेलं, आणि पोरीने असं भोकाड पसरलं की शेजारणीने खिडकी उघडली.

"नवीन माणूस आहे ना बाबा, होईल सवय," लेक म्हणाली.

बरं, नवीन माणूस म्हणावं तर गुंडी आजीकडे लगेच गेली. शेजारणीकडे गेली. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या तर कडेवरच बसली आणि उतरेना. फक्त आजोबा जवळ आले की ओठ बाहेर, डोळे मोठे, आणि पुढच्या क्षणी घर डोक्यावर. मिस्त्रींनी शर्ट बदलला. खिशात खुळखुळा ठेवून पाहिला. शेवटी तीस वर्षांची मिशी उडवली. गुंडी रडलीच, वर बायकोही दिवसभर बघून दचकत होती.

"अहो, लहान आहे ती. मनाला काय लावून घेता?" बायको म्हणाली.

पण लावून घेतलंच होतं. कारखान्यात रोज तो विचार डोक्यात घोळायचा. लोखंडाच्या दोन पट्ट्या जुळवायच्या, जोडाजवळ वाकायचं, श्वास धरायचा, मानेला एक झटका द्यायचा, की हेल्मेटचं काळं झाकण खटकन तोंडावर. दोन्ही हात कामात, तेव्हा झाकण पाडायला मानच हवी. मग ठिणगी, उजेड, धूर. त्या झाकणाआड बसून मिस्त्री मनात म्हणायचे, माझं तोंडच भुतासारखं आहे, पोर घाबरेल नाही तर काय करेल? तीन आठवड्यांत एकदा तरी ती मांडीवर यायला हवी होती. पुन्हा यायला दोन वर्षं लागणार, लेकीनेच सांगितलं होतं. तोवर कोण आजोबा आणि कोण काय!

पहिल्याच सुट्टीच्या दुपारी ते आतल्या खोलीत डोकावले आणि जागच्या जागी थिजले. लेक पलंगावर उताणी पडली होती, तोंडावर पांढरा मुखवटा, आणि त्या मुखवट्याच्या कडांमधून निळा उजेड बाहेर सांडत होता.

"डोळे मीट! आधी डोळे मीट!" मिस्त्री ओरडले.

"मिटलेलेच आहेत हो बाबा! झाकणंपण लावलीयेत." लेकीने मुखवटा उचलून दाखवला. आत बारीक एलईडी दिव्यांच्या रांगा होत्या. बाळंतपणानंतर तिच्या तोंडावर मुरमं उठली होती, म्हणून कातडीच्या डॉक्टरांना विचारून हे आणलं होतं. निळ्या उजेडाने मुरमाचे जंतू कमी होतात, लाल उजेडाने सूज उतरते आणि बारीक सुरकुत्या जरा कमी दिसतात, असं तिने सांगितलं. "वेल्डिंगसारखी जाळणारी किरणं नसतात यात."

मिस्त्रींच्या डोक्यावरून सगळं गेलं. उजेडापासून तोंड वाचवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एकदा झाकण पाडायला अर्धा क्षण उशीर झाला, तर रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं होतं. त्यांच्या मुखवट्यात उजेड बाहेर आणि माणूस अंधारात. आणि ही पोर उजेड आत घेऊन झोपते, तेही कातडी सुधारायला! हे म्हणजे अगदी उलटंच झालं.

कारखान्यात त्यांनी फिटरला विचारलं. फिटर म्हणजे सल्ल्याचं दुकान. तो म्हणाला, "उजेडानेच बिघडलं ना तोंड? मग उजेडानेच सुधारणार." दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "नादी लागू नका मिस्त्री, आहे तेही जाईल." आता यातलं कुठलं धरायचं आणि कुठलं सोडायचं?

धरलं पहिलं. चौतीस वर्षांत साठवलेल्या रजेतून आठवडाभर घेतली, पाठ धरली म्हणून सांगितलं. सकाळी आणि संध्याकाळी मायलेकी गुंडीला फिरवायला नेत, तेव्हा घर रिकामं असे. मिस्त्रींनी लेकीच्या बॅगेतून मुखवटा बाहेर काढला. एक बटण लालचं, एक निळ्याचं. लाल म्हणजे तापलेलं लोखंड, त्याला हात लावायचा नाही, हे हाडात मुरलेलं. निळा मात्र ओळखीचा, रोजच्या कामातला. त्यांनी निळा लावला, डोळ्यांवर ओला रुमाल दुमडून ठेवला आणि पडून राहिले. दहा मिनिटांनी दिवे आपोआप बंद झाले. एवढ्यात काय होणार? कमी करंटवर जोड कधी धरतो का? त्यांनी पुन्हा लावला. मग आणखी एकदा. असं दोन्ही वेळा, सहा दिवस.

सहाव्या दिवशी तोंड ताणल्यासारखं झालं, हुळहुळायला लागलं, आणि गालफडांवरचे डाग चांगले गडद झाले. जेवायला बसल्यावर बायकोने दिव्याखाली नीट पाहिलं.

"कोणी तोंडाला काळं फासलं की काय तुमच्या?"

लेक उठून आत गेली आणि मुखवटा घेऊन आली. त्याच्या इलॅस्टिकला मशीनच्या तेलाचा वास येत होता. तो वास या घरात एकाच माणसाचा होता.

"बाबा! मला विचारायचं तरी!"

मिस्त्री शरमेने पाणी पाणी झाले. ताटातला घास ताटातच राहिला. दुसऱ्या दिवशी लेकीने त्यांना गावातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, शाळेत नेतात तसं दंडाला धरून.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून तोंड तपासलं. "दिवसातून किती वेळा लावत होता?"

"सहा." मग जरा थांबून, "कधी आठ."

"आणि निळा?" बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सावकाश समजावलं. निळा उजेड मुरमांसाठी ठीक, पण सावळ्या कातडीवर आधीच डाग असतील तर तो ते आणखी गडद करू शकतो. लाल त्या मानाने सौम्य. तरी त्याचंही प्रमाण असतं, जास्त लावलं म्हणून जास्त गुण येत नाही. डोळे झाकायलाच हवेत. काही गोळ्यांनी कातडी उजेडाला नाजूक होते, म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळीची पट्टीही मागून पाहिली आणि ही चालेल म्हणाल्या.

"निळा कायमचा बंद. आठवडाभर काहीच लावू नका, तोंड शांत होऊ द्या. उन्हात जपा. मग हवं तर लाल, दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. दोन-तीन महिन्यांनी थोडा फरक दिसेल, कदाचित नाहीही दिसणार."

"दोन-तीन महिने!" लेक आठवड्याने निघणार होती. "आणि हा खड्डा?"

"खड्डा उजेडाने भरत नाही हो. पण एवढी घाई कसली आहे तुम्हाला?"

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नात रडते," ते म्हणाले. "मला बघून."

लेकीने खिडकीकडे तोंड केलं. बाईंनी मलमाचं नाव लिहून कागद पुढे सरकवला. ते अक्षर वाचायला मिस्त्री टेबलावर वाकले, तशा डॉक्टरीणबाई दचकून खुर्ची जराशी मागे सरकवून बसल्या. मिस्त्रींना तेही लागलं. म्हणजे शिकलेल्या माणसालाही माझं तोंड बघवत नाही!

आठवडा असाच गेला. मिस्त्री लांबून गुंडीला बघत आणि लांबूनच हसत. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी लेकीनेच मुखवटा आणून हातात दिला. "बसा बाबा. आज लाल लावा. मी हा तुमच्याकडेच ठेवून जाणार आहे." आता याचा काय उपयोग, असं मिस्त्रींना म्हणायचं होतं. पण लेकीचं मन कशाला मोडायचं? ते खुर्चीत बसले, डोळ्यांवर झाकणं ठेवली, मुखवटा चढवला.

थोड्या वेळाने गुडघ्याला काहीतरी लागलं. छोटा, ओलसर हात.

मिस्त्रींनी आधी चाचपडून बटण बंद केलं. पोरीच्या डोळ्यांवर उजेड नको, हे हाताला विचारावं लागलं नाही. मग मुखवट्याखाली बोटं घालून डोळ्यांवरची झाकणं काढली आणि मुखवट्याच्या भोकांतून पाहिलं. गुंडी त्यांच्या पँटला धरून उभी होती आणि वर बघून हसत होती. मिस्त्री हळूच वाकले. तोंड अगदी जवळ नेलं. गुंडी रडली नाही. तिने मुखवट्याच्या नाकाला हात लावला आणि खिदळली.

"अगबाई! आलीच की!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मागोमाग लेकही.

मिस्त्रींचा आनंद गगनात मावेना. घाईने त्यांनी मुखवटा काढला, नातीला आपल्या डोळ्यांनी नीट बघायला वाकले, आणि गुंडीने किंकाळी फोडली.

झालं. मिस्त्री मुखवटा हातात घेऊन तसेच बसून राहिले. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "तोंड झाकलं तर आजोबा चालतो. हे तोंडच नको आहे तिला."

बायको मात्र त्यांच्याकडे भलत्याच नजरेने बघत होती. "अहो, तुम्ही मान का झटकलीत?"

"मी? कधी?"

"आत्ता. तिच्याकडे वाकलात, श्वास धरलात आणि मान अशी खाडकन खाली."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"थांबा." बायकोने शिवणाच्या डब्यातली सुई आणि दोरा त्यांच्या हातात कोंबला. "ओवा."

मिस्त्रींना कळेना की पोर रडतेय आणि हिला सुई कसली सुचतेय. पण ओवायला घेतली. सुई डोळ्यांजवळ नेली, श्वास धरला, आणि मानेला झटका बसला. या वेळी तो त्यांचा त्यांनाच कळला.

त्यांनी दोरा पुन्हा धरला. पुन्हा झटका. जवळचं काही बघायचं म्हटलं की मान झाकण पाडत होती, डोक्यावर हेल्मेट असो नसो. आणि मुखवटा तोंडावर होता तेव्हा झाकण पडलेलंच होतं. मग मान कशाला झटकेल?

"चौतीस वर्षं बघतेय मी," बायको म्हणाली. "बघून बघून दिसेनासं झालं हो."

लेक रडणाऱ्या गुंडीला थोपटत दारात उभी होती. "मला तर लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात," ती म्हणाली.

मिस्त्रींना हे सगळं एकदम झेपेना. मिशी गेली, रजा गेली, तोंड काळं झालं, आणि दोष मानेचा निघाला!

बायकोने त्यांना जमिनीवर बसवलं आणि मागे बसून त्यांच्या मानेवर आपला तळहात घट्ट दाबून धरला. "आण गं तिला." गुंडी हुंदके देत समोर आली. मिस्त्री वाकले. श्वास धरला गेलाच, मानेत ती जुनी ओढही उठली, पण बायकोचा हात होता. मान हलली नाही. नात आणि आजोबा एकमेकांकडे बघत राहिले, मधे ना काच ना दिवा.

गुंडीचा हुंदका थांबला. ती आपणहून मांडीवर चढली आणि तिची नजर गालावरच्या खड्ड्यावर गेली. तिने त्यात बोट घातलं. बोट बरोबर बसलं. मग तो खड्डा नीट बघायचा म्हणून तिने तोंड जवळ आणलं, आणि बघण्याआधी, अगदी गंभीर चेहऱ्याने, मानेला एक झटका दिला.

बायकोचा हात मिस्त्रींच्या मानेवरून गळून पडला. लेक तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. आपण यातलं काय करावं हे काही मिस्त्रींना कळलं नाही, म्हणून ते नुसते बसून राहिले, मान ताठ धरून, गालातलं बोट निघू नये म्हणून.