देवाचा हंडा

माझ्या नातवाचं नाव मला आवडायला लागलं, ते एका अनोळखी माणसामुळे.

देऊळगाव राजाच्या बाजारात तो भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं कोरायचा. कोरण्याआधी प्रत्येक भांडं बोटाने वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. मी चांदीची वाटी नेली होती. म्हटलं, "फक्त 'नातवास, आजोबांकडून' एवढंच टाका."

"नाव काऊन नाही टाकत?"

मी अवघडलो. मुलगा स्वीडनला, सून तिकडचीच. तिने बाळाला तिच्या आजोबांचं नाव ठेवलं, टोरकेल. तिकडेही आता हे नाव फारसं कुणी ठेवत नाही म्हणे. बारशाच्या व्हिडिओ कॉलवर तर आमचे पाहुणे तोंड दाबून हसले होते.

मी हे सांगितल्यावर त्याने विचारलं, "अर्थ काय त्याचा?"

सुनेने सांगितलेलं मी सांगितलं. टोर हा त्यांचा मेघगर्जनेचा देव आणि केल म्हणजे हंडा. देवाचा हंडा.

त्याने हातातलं मशीन खाली ठेवलं. "चाळीस वर्सं झाले, भांड्यावर माणसाचं नाव टाकून राह्यलो. माणसाले भांड्याचं नाव आज पयल्यांदा आयकलं. अन् भाऊ, तुमी हे लपवून राह्यले?"

त्याने ठसठशीत अक्षरांत 'चि. टोरकेल' कोरलं. मग शेजारच्या टपरीवरून मूठभर साखर आणून वाटीत ओतली. "देवाच्या हंड्याची वाटी हाय. रिकामी कशी देऊ?"

घरी आल्यावर बारशाला हसलेल्या सगळ्यांना बोलावून त्याच साखरेने मी त्यांचं तोंड गोड केलं, नातवाचं नाव मोठ्याने घेऊन.