भिंतीपलीकडे बसलेली खुडूक

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा कारखाना अजून अर्धाच उभा होता. आमचे हे तिथं फिटर. क्वार्टर मिळालं होतं नवंकोरं, दोन खोल्यांचं, मागे छातीएवढ्या भिंतीचं अंगण. अंगणात लाल मुरूम आणि माझी धुण्याची बादली, बाकी काही नाही. हे शिफ्टला गेले की घर सुनं पडायचं. भंडाऱ्याकडच्या माझ्या माहेरी दिवसभर पायात कोंबड्या यायच्या. इथं बोलायलासुद्धा कोणी नव्हतं.

"कोंबड्या आनू का?" एकदा जेवताना मी विचारलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "क्वार्टरात? लोकं काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन? अंडी मागाले येतीन."

हे हसले, तोच मी होकार धरला.

भिलाईजवळचं रिसाली तेव्हा खेडंच होतं. सायकलच्या कॅरिअरवर टोपली बांधून आम्ही तिथल्या एका म्हातारीकडे गेलो. तिनं तीन कोंबड्या आणि एक कोंबडा पायाला सुतळी बांधून दिला, आणि निघताना बजावलं, "चार दिन ले झन ढीलबे, नोनी." म्हणजे चार दिवस मोकळ्या सोडू नको, पोरी. घराची ओळख पटू दे.

मला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपली उघडली. कोंबडा भिंतीवर चढून आरवला. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. कोंबडा असा दचकला की त्यानंतर रोज भोंगा होऊन गेल्यावरच तो आरवायचा. हे म्हणायचे, "हा बी शिफ्टवालाच निंगाला."

दोन कोंबड्या शहाण्या. न्हाणीजवळच्या फुटक्या घमेल्यात अंडी घालायच्या. तिसरी, तांबडी, सगळ्यात धष्टपुष्ट, पण तिचं अंडं काही मला दिसेना. दिवसभर हिंडायची, संध्याकाळी परत यायची. मग एका संध्याकाळी आलीच नाही. मी नाल्यापर्यंत शोधून आले. मुंगसानं नेली म्हणून दारात बसून रडले.

भिंतीपलीकडे मद्रासकडचं एक जोडपं राहायचं. नवरा कारखान्यात नकाशे काढायचा. बाई माझ्याच वयाची, सोवळ्याओवळ्याची, कांदासुद्धा न खाणारी. तिला मराठी येत नव्हतं, मला तमिळ, आणि हिंदी दोघींचंही मोडकंतोडकं. माझं रडं ऐकून ती वाटीभर दहीभात घेऊन आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी कोंबडीसारखे हात हलवून दाखवले, मग मुंगसाचं तोंड करून दाखवलं. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, किती मायाळू बाई आहे!

पुढं तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, पलीकडून चिवचिव ऐकू आली. चिमण्यांची नव्हे, ही चिवचिव मी जन्मापासून ओळखते. बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

कोळशाच्या ढिगामागे एक मोठी वेताची टोपली कलती ठेवलेली. टोपलीपुढे माझी तांबडी, पंख फुगवून. तिच्याभोवती पिवळ्या-काळ्या पिल्लांचा घोळका, आणि ती सोवळी बाई उकिडवी बसून त्यांना तांदळाच्या कण्या टाकत होती. वर बघते तर मी! तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं चटकन हात जोडले.

"अवं माय! हे इथं कावून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"अंडा इदर रखा," ती घाईघाईनं सांगू लागली. "रोज एक, रोज एक. हम हात नहीं लगाया. बोलेगा तो तुम खा जाएगा. हम नहीं बोला." मग अगदी हळू, "माफ करो."

तांबडी खुडूक होऊन तिच्याकडेच अंडी उबवत बसली होती. ह्या बाईनं वरून टोपली झाकली, पाणी ठेवलं, कण्या टाकल्या, मांजर हाकललं. आणि घरात अंडी आहेत हे नवऱ्यालाही कळू दिलं नाही. वर मला दहीभात आणून दिला!

मला राग येणार होता, पण आधी हसूच आलं. मी हसते म्हटल्यावर तीही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तेवढ्यात तिचा नवरा शिफ्ट संपवून मागच्या दारात उभा राहिला. एक पिल्लू सरळ त्याच्या बुटावर जाऊन बसलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे, मग भिंतीवरच्या माझ्या डोक्याकडे. तमिळमध्ये काहीतरी बोलला. तिनं भीत भीत मला सांगितलं, "पूछता है, इनका घर कहाँ है?"

रविवारी त्यानं खुराड्याचा नकाशाच काढला. समोरून, बाजूनं, वरून, सगळी मापं टाकून. आमच्या ह्यांनी तो बघून कपाळावर हात मारला. "कोंबड्यायचं घर हाये का ब्लास्ट फर्नेस?" पण केलं तसंच, रशियाहून आलेल्या मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्या आणून. फळ्यांवर रशियन अक्षरं होती. ती उलटी बसली, पण कोंबड्यांना आणि आम्हाला सारखंच.

दोघींचा करार ठरला. माझ्या अंगणात पडलेलं अंडं माझं. भिंतीपलीकडे पडलेलं तिचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. तांबडी काही भिंत ओलांडायची थांबली नाही. वर्षभरात पिल्लं एवढी झाली की शेजारच्या बंगाली, पंजाबी घरांतही कोंबड्या गेल्या.

तिनं अंडं कधी तोंडात घातलं नाही, पण आमच्या लाइनीत कोणाची कोंबडी खुडूक झाली की बायका हिलाच बोलावून न्यायच्या. आणि ही कमरेला पदर खोचून, माझ्याकडून शिकलेल्या मराठीत त्यांना झापायची, "कावून वं, पानी नाई ठेवलं? ते उठून जाईन ना!"