खंडेनवमीला बसवलेला कूलर

माझं डोकं तापलं की समोर कोण आहे ते मी बघत नाही, हे विठ्ठलवाडीत सगळ्यांना माहितीये. त्या दिवशी कोलशेतच्या गॅरेजमध्येही कळलं.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. म्हणून बिनक्लचची, ऑटोमॅटिक, सेकंडहँड मोठी गाडी घेतलेली. गाडी दणकट, पण घाटात गिअरबॉक्सचं तेल उकळायचं. उन्हाळ्यात नाशिकला जाताना कसाऱ्याला तिनं जीवच सोडला, टोचन लावून ओढत परत आणली. मिस्त्री म्हणाला, "ताई, पुढे जाळीमागे एक एक्स्ट्रा कूलर टाकू. तेल त्यातून फिरून गार होऊन येईल. मग खुशाल चढवा घाट."

तो घाट मला दसऱ्याच्या आत चढायचा होता. बाबांना नागपूरला न्यायचं होतं, दीक्षाभूमीवर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या खांद्यावर होते. पुढे मोहने गावच्या कारखान्यात उभा जन्म गेला, रजा कधी जुळली नाही, परत जाणं झालंच नाही. आता दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं, पुढचा दसरा धरू नका. दोन डायलिसिसच्या मधला वेळ तेवढा आमच्या हातात होता.

आणि हा मिस्त्री! "पार्ट आज येतो ताई, उद्या येतो ताई." आला कधी, तर खंडेनवमीच्या आदल्या रात्री. सकाळीच मी बाबांना आणि सामानाला रिक्षात घातलं आणि कोलशेतला धडकले. गाडी घेऊन तिथूनच पुढे निघायचं ठरलेलं.

बघते तर गाडीचा बंपर काढून ठेवलेला. जमिनीवर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पकडी, जॅक आणि माझा नवाकोरा कूलर! हळदकुंकू लावलेला, वर झेंडू.

"आज हत्यारं उचलत नाय ताई. वर्षातून एकदा त्यांनापण आराम. उद्या दुपारी देतो की."

"उद्या दुपारी मी नागपुरात असणार!" मी वाकून कूलर उचलला. पाइप जोडायच्या तोंडांची बुचं काढलेली होती. उलटा केला तर आतून अक्षता पडल्या. तांदूळ! तसाच बसवला असता तर तेलाची वाट तुंबली असती आणि ऐन घाटात बाबांना घेऊन अडकले असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल गहाण टाकलीस काय रे? तेलाच्या भोकात तांदूळ घालतोस?"

मिस्त्री ओशाळला. पण त्याचा मेहुणा दारात पेढे वाटत होता, तो म्हणाला, "पूजेतलं तुम्हा लोकांना काय कळणार?"

तुम्हा लोकांना! मी पाटावरचा सगळ्यात मोठा पाना उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. तो किंचाळला, माझी कुबडी धरून त्यानं हिसडा दिला. मी तोंडावर आपटले, ओठ फुटला. त्यानं कमरेत लाथ घातली. मी त्याची पोटरी धरली आणि दात रोवले, रक्ताची चव येईपर्यंत. समई लवंडली, पाट उलटला, पाने खणाखणा फरशीवर. मिस्त्री मधे पडला, त्याच्याही कानशिलात एक बसली, कुणाची ते माहीत नाही. मला थांबायचंच नव्हतं. खरं सांगते, त्याचा जीव घ्यावासा वाटत होता, आणि मारताना बरं वाटत होतं.

एकदम सगळे थांबले. बाबा रिक्षातून उतरून, भिंतीला धरत धरत आत आलेले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या मेहुण्यापुढे जाऊन हात जोडले.

"पोरीचं चुकलं. माफ करा. तेवढी आमची गाडी करून द्या."

कारखान्यात साहेबापुढे कधी मान न वाकवलेला माझा बाप! मेहुणा खांदा चोळत, शिव्या पुटपुटत निघून गेला. मिस्त्रीनं पाने गोळा केले, एकेक कपाळाला लावला. कूलर पेट्रोलनं धुतला, आतून हवा मारली आणि बसवायला घेतला. काम संपायला दुपार उलटली.

संध्याकाळी कसारा घाट लागला. गाडी न कुरकुरता चढत होती. माझा ओठ सुजून टम्म झालेला. शेवटी मला राहवेना, ओरडलेच, "त्या हरामखोरापुढे हात का जोडलेत, बाबा? तो काय बोलला ते ऐकलंत ना?"

"ऐकलं की. आयुष्यभर ऐकलंय." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तुला भांडायला अख्खा जन्म पडलाय, पोरी. मला तेवढं पोचायचंय."

मी गाडी चालवत राहिले.